चौदा हजार चारशे एक

लीफेनने शेवटचा रेशमी तंतू फणीतून ओढला, गाठ मारली आणि आणखी एक तंतू ओठांत धरून ओला केला.

"बास की गं!" मागाच्या माथ्यावरून म्याओ खाली वाकली. वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायचं काम तिचं, खाली विणायचं लीफेनचं. "चौदा हजार चारशे भरले. आता काय स्वतःचे केस ओवतेस?"

"एक राहिलाय."

"मी साहेबांना सांगणार हं. माझी पेन्शन आहे पुढच्या वर्षी."

"सांग."

लीफेनने तो तंतू बरोबर मधोमध ओवला.

१४,४०० ÷ २. भाग जातो.
÷ ३. जातो.
÷ ४, ÷ ५, ÷ ६. जातो, जातो, जातो.

द्वान साहेबांनी काल हेच वाचून दाखवलं होतं. किती गुणी आकडा, त्रेसष्ट विभाजक! नानचिंगमध्ये अखंड रुंदीभर विणलेल्या ड्रॅगनचं कापड आता घेतो कोण? त्याच ताण्यावर एक फूल शेजारी शेजारी बारा वेळा विणायचं, बारा पट्ट्या कापायच्या. खारवलेल्या बदकांच्या भेटखोक्यांना बांधायला.

"बदकांना?" लीफेनने विचारलं होतं.

"मेलेल्या," वरून म्याओ म्हणाली होती. "त्यांची काही तक्रार नाही."

१४,४०१ ÷ २. नाही.
÷ ३. नाही.
÷ ७. नाही. ÷ ११. नाही.

काल रात्री घरी भाजीच्या फळीवर खडूने भागत भागत लीफेन एकशेवीसपर्यंत पोचली होती. तिथे थांबली. त्यापुढचा भाजक असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. कुणीच सापडलं नाही. तिने फळी धुतली नाही. कोबी दुसरीकडे चिरला.

÷ १२.

साहेबांचा माणूस ताण्यावर बारा खुणा करत गेला आणि टोकाला एक तंतू हातात घेऊन उभा राहिला. मग साहेब आले.

"एक जास्त आहे. काढा."

"कुठला?"

"जास्तीचा!"

"सगळे सारखेच ताणलेत, साहेब. तुम्ही दाखवा, मी काढते."

"हा टोकाचा." साहेबांनी ताण्यात बोट घातलं.

"तो काठ. तो काढलात तर त्याच्या शेजारचा टोकाचा होईल. मग तोही काढायचा?"

"लीफेनबाई, उद्यापासून हा माग बंदही करता येतो मला."

"येतो की." तिने हात मांडीवर ठेवले.

साहेबांनी मान वर केली. "म्याओबाई, तुम्हाला वरून सगळं दिसतं. जास्तीचा कुठे ओवलाय?"

म्याओने खाली पाहिलं. बरोबर मधोमध पाहिलं. मग पायातले जोडे काढून फळीवर ठेवले, पाय रोवून बसली, तळव्यांवर थुंकली आणि ड्रॅगनच्या नक्षीच्या अजून न उतरवलेल्या दोऱ्या दोन्ही मुठींत धरून मागे रेलली. या काठापासून त्या काठापर्यंत ताणा उचलला गेला.

"धोट्याच्या वाटेतून हात काढा साहेब," ती म्हणाली. "बोट जाईल."