कोरड्या घशाचा डाव

माहजोंग खेळणारे खान्देशात किती, असं विचाराल तर बोटांवर मोजण्याएवढे. पण त्या बोटांतला अंगठा म्हणजे जळगावच्या झुंबरबाई. त्यांचा नवरा हिलालभाऊ फौजेत सुभेदार होता. आसामकडच्या छावणीत साहेबांच्या बायकांना एकदा चौथा गडी कमी पडला म्हणून यांना बोलावून बसवलं, आणि महिन्याभरात बाई साहेबिणींना पाणी पाजायला लागल्या. नोकरी संपवून जळगावला परतताना ट्रंकेत भांड्यांच्या आधी सोंगट्यांचा डबा गेला. हिलालभाऊ म्हणाले, 'भाकरी त्या डब्यात थापणार का?'

खेळ तसा रमीच्या जातीचा, पत्त्यांच्या जागी बांबू, गोल, वारे अशा चित्रांच्या सोंगट्या, प्रत्येकी चार. चौघांनी बसायचं, एक सोंगटी उचलायची, एक मधे टाकायची, आणि दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवरही डाव जिंकता येतो. हातात तिकड्या आणि शेवटी एक जोडी जमली की 'माहजोंग' म्हणायचं आणि हात उघडायचा. बाकी फरक एवढाच, की मधे पडलेली सोंगटी कोणती आणि ती कुणी टाकली, हे डोक्यात राहिलं पाहिजे. ज्याच्या राहत नाही त्याने घरी बसून शेंगा सोलाव्यात.

आणि नेमकं तेच झुंबरबाईंच्या डोक्यात राहीना झालं होतं. जळगावात शेजारच्या मृणालीकडे खेळताना सगळं ठाकठीक. पण मागच्या वर्षी नाशिकला स्पर्धेत बसल्या, तर दुपारपर्यंत डोक्यात नुसतं भुसकट. पुण्यालाही तेच. मैत्रिणी म्हणाल्या, वय झालं अक्का, चालायचंच. बाई वरवर हसल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं बोदवडला असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग एक दिवस तिने पोटच्या पोराला विचारलं, 'कोण रे तू?' झुंबरबाईंनी हे भ्या कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मनाशी एवढंच ठरवलं, की धुळ्याच्या स्पर्धेतही घोळ झाला तर समजायचं, आपलाही नंबर लागला. मग डबा मृणालीला देऊन टाकायचा आणि पोरांना काय ते सांगायचं.

स्पर्धा भर मे महिन्यात. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली तेव्हाच डांबर वितळायला लागलं होतं. मंगल कार्यालयात पंखे गरगरत होते आणि गरम हवा इकडची तिकडे करत होते. सकाळच्या दुसऱ्या फेरीत झुंबरबाईंनी झोकात 'माहजोंग!' म्हटलं आणि हात उघडला. पंचांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. जिथे जोडी हवी तिथे दोन वेगळ्याच सोंगट्या होत्या. खोटा पुकारा म्हणून दंड बसला. गुण गेले त्याचं बाईंना काही नव्हतं, पण त्या दोन सोंगट्या त्यांना खरंच सारख्या दिसल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. सोबत आलेली मृणाली सरकारी दवाखान्यात नर्स. शेवभाजीचं ताट घेऊन आली, तर बाईंची जीभ टाळ्याला चिकटत होती आणि शब्द अर्धवट येत होते.

'अक्का, सकाळपासून पाणी किती प्यायलात?'

'गोळीपुरतं घोटभर.'

'का हो?'

'का काय! प्रवास करायचा, दिवसभर परक्या ठिकाणी बसायचं. पाणी पिऊन जायचं कुठे?'

'नाशिकला?'

'तिथेही नाही. बाहेर पडलं की मी पाणी पीतच नाही. चाळीस वर्षांची सवय आहे.'

मृणालीने कपाळावर हात मारला. 'आणि माझ्या घरी?'

'तुझ्या घरी काय, तुझी मोरी हाय ना.'

मृणाली म्हणाली, 'अहो, या उन्हात पाणी नसलं तर तरण्या माणसाला भोवळ येते. इतकी वर्षं निभावलं, आता अंग सोसत नाही. डोकं चालायचं कसं? मेंदूची तपासणी करायची असेल तर मी घेऊन जाते, पण आधी हे प्या.' आपण तपासणीचं बोललोच नव्हतो, ही पोरगी ओळखून होती, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. त्या मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी प्यायल्या, वर अख्खी बाटली रिचवली. विश्वास मात्र बसला नव्हता. एवढ्या मोठ्या भ्याला एवढं साधं औषध असेल, हे मनाला पटेना.

तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढचा धुरळा बसला. चौथ्या फेरीत, शेवटच्या डावाच्या तोंडाशी, दुसरंच संकट उभं राहिलं. बाटलीने आपलं काम केलं होतं. आता बाईंना ना बांबू दिसेना ना गोल, नुसता संडासाचा दरवाजा दिसायला लागला. पूर्वी मेल्या असत्या पण उठल्या नसत्या. आज त्यांनी हात वर केला.

पंच लगबगीने आले, हातातला माइक चालूच. 'काय अडचण आहे, ताई?'

'लघवीले जानं शे,' झुंबरबाई म्हणाल्या, आणि ते सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

समोर बसलेले प्रेमराजशेठ कुरकुरले, 'घड्याळ चालू आहे, बाई.'

'तुमचं घड्याळ चालू आहे, माझं बंद पडायची वेळ आली,' असं म्हणून बाई उठल्या. उजव्या हाताला धुळ्याच्या प्रमिलाबाई होत्या. सकाळपासून त्यांनी झुंबरबाईंकडे धड पाहिलंही नव्हतं. त्याही उठल्या. 'दाराला कडी नाही तिथल्या. चला, मी धरते.' आचाऱ्यांच्या कढयांमधून वाट काढत दोघी मागे गेल्या. झुंबरबाई बाहेर आल्या तर प्रमिलाबाई पदर आवळून उभ्या. 'आता तुम्ही धरा. मी पहाटेपासून थांबवलंय.' परत येताना मागे बायकांची ही रांग लागलेली.

डाव सुरू झाला. झुंबरबाईंचा हात तयार होता, एक सोंगटी आली की जिंकल्या. पूर्व वाऱ्याची तर तिकडी जमलेली, झाकून ठेवलेली. उचलायच्या सोंगट्या संपत आल्या आणि त्यांनी उचलला तो पाच गोल. त्यांच्या काही कामाचा नव्हता. टाकला की हात तसाच तयार राहणार.

त्यांनी तो टाकला नाही. मधल्या ढिगाकडे पाहिलं, आणि काय सांगावं, सगळा ढीग बोलायला लागला. हा बांबू प्रमिलाबाईंचा. तो पूर्व वारा डाव्या हाताच्या नाशिकच्या बाईंनी पहिल्या झटक्याला टाकला होता. प्रेमराजशेठनी बसल्यापासून एकही गोल टाकलेला नाही, आणि पाच गोल अजून एकदाही मधे पडलेला नाही. म्हणजे शेठ टपून आहेत. आणि चौथा पूर्व वारा मधे पडलाय, तेव्हा हातातले तीन आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. बाईंनी जमलेली तिकडी मोडली आणि पूर्व वारा टाकला. पुढच्या पाळीला दुसरा. त्याच्या पुढच्याला तिसरा. स्वतःचा तयार हात त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला.

सोंगट्या संपल्या. डाव कुणाचाच नाही.

प्रेमराजशेठनी चिडून हात उघडला. 'एक पाच गोल हवा होता हो! कुठे दडून बसला कोण जाणे.'

झुंबरबाईंनी पाच गोल उताणा करून टेबलावर ठेवला. तिकडे पंचांनी निकाल वाचला, त्यात बाईंचा नंबर पार खाली. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी मधल्या ढिगातली एकेक सोंगटी बोटाने सरकवायला सुरुवात केली. 'ही तुमची, शेठ. ही हिची. ही माझी. ही पुन्हा तुमची.' एकही चुकली नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

प्रमिलाबाई घाबरल्या. 'अहो अक्का, डाव कुणीच हरलं नाही. रडता कशाला?'

'माले बठ्ठं ध्यानमा शे वं,' झुंबरबाई म्हणाल्या. 'सगळं, बठ्ठं!'