लाल गाडीतलं घड्याळ

शैलानं दहा नंबरचा पाना बॅटरीच्या काळ्या टोकावर बसवला आणि हात थांबवला.

"अहो, काढू ना?"

भास्कर वोनमोबिलच्या, त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, मागे उभा राहून ओढायची दांडी तपासत होता. त्यानं वर न बघताच मान हलवली. हॅनोव्हरहून निघायच्या आदल्या दिवशीच त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं होतं. लाल गाडी मागे चारही चाकांवर ओढत न्यायची, तर स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली फिरवून ठेवावी लागते, आणि तशी ठेवली की वाटेत बॅटरी उतरते. म्हणून केबल काढायची. त्याची कंबर धरलेली, त्यामुळे हे काम तिच्याकडे आलं होतं. छोटी गाडी बरोबर हवीच कशाला, असं तिनं विचारूनही पाहिलं होतं. पाव आणायला, तो म्हणाला होता. घरीही दुपारच्या चहानंतर तो याच गाडीनं पाव आणायला जाई आणि चांगला तासभर लावून येई.

गाडी मालिनीची होती, भास्करच्या पहिल्या बायकोची. ती वारल्यानंतर दोन वर्षांनी शैला या घरात आली. आल्यापासून तिनं मालिनीच्या साड्या वाटून टाकल्या, लोणच्याच्या बरण्या काचेच्या कचऱ्यात फेकल्या, भिंतीवरचा फोटो काच तडकली म्हणून उतरवला. काच तिनंच तडकवली होती. उरलं होतं ते या गाडीतलं घड्याळ. पुण्याला आईला फोन करायला सोपं जावं म्हणून मालिनीनं ते भारतातल्या वेळेवर लावलं होतं. गाडीत बसलं की ते पुढे पळणारे आकडे शैलाच्या डोळ्यांत खुपत, पण त्यांना हात लावायची तिची हिंमत झाली नव्हती.

आता ते आपोआप पुसलं जाणार होतं आणि तिच्यावर कसलाही आळ येणार नव्हता. नट सैल झाला. तिनं केबल उचलून बाजूला केली आणि तिला मनापासून बरं वाटलं.

हायडेलबर्गजवळ, नेकार नदीच्या काठच्या कॅम्पिंगप्लाट्झवर त्यांनी मुक्काम टाकला. दांडी सोडली. शैलानं केबल पुन्हा जोडली, बॉनेट लावलं आणि भास्करला हाक मारली. घड्याळात चार शून्यं लुकलुकत होती.

"अहो, हे बघा ना. घड्याळच गेलं की."

आवाजात तिनं हळहळ आणली होती. डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर होते. तो खचलेला तिला बघायचा होता, अगदी जवळून.

भास्कर सीटवर बसला. चष्मा न लावताच त्यानं दोन बटणं दाबून धरली, मनगटावर नजर टाकली आणि आकडे भराभर पुढे नेले. पुण्यात रात्रीचे आठ वाजत आले होते.

"दर हिवाळ्यात बॅटरी उतरते, तेव्हा जातंच," तो म्हणाला. "परत लावायचं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुला सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

त्यानं दार ओढून घेतलं. काच बोटभर खाली राहिली होती. शैला पाना पुसत तिथंच उभी राहिली. आत फोन लागला आणि भास्करचा आवाज मऊ झाला. इतका मऊ तो तिच्याशी कधीच झाला नव्हता.

"हो, आई. गुडघा कसा आहे? मी जरा फिरायला आलोय, हायडेलबर्गला." मग त्यानं तिचा प्रश्न ऐकून घेतला. "छे हो, बरोबर कोण असणार? एकटाच. मालिनी गेल्यावर कोण आहे मला?"

पलीकडे मालिनीची म्हातारी आई रडत असावी, कारण तो बराच वेळ तिची समजूत काढत राहिला.

फोन संपल्यावर त्यानं काच पूर्ण खाली केली आणि पावासाठी पिशवी मागितली. शैलानं ती आणून दिली.

"उद्या सकाळी पुढे निघू," तो म्हणाला. "केबल तूच काढ. चांगलं जमतंय तुला."