चिंध्या आड आल्या

"फोटोत चिंध्या येतायत," केइगो कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाला, आणि तोमोएचं डोकं सटकलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. डोंगरातला वळणावळणांचा रस्ता, दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती, आणि दर वळणावर नवरोबाची नवी तक्रार. कुठे विजेची तार आडवी, कुठे देवदारावरचा बर्फ आधीच गळून गेलेला. गावोगावचे लोक दिनदर्शिकेसाठी फोटो पाठवतात, याचा गेल्या वर्षी नापास झाला होता. तेव्हापासून हा असा.

आणि आता एकदाचं घर सापडलं होतं. एकटंच. छपरावर बर्फाची गादी, धुराड्यातून धूर, दारातल्या झाडावर चार-पाच केशरी पर्सिमन फळं तशीच राहिलेली, बर्फाच्या टोप्या घातलेली. पण घराच्या पुढ्यात, रस्त्याच्या कडेला दोन बांबू उभे. टोकाला लाल चिंध्या.

"काढते," तोमोए म्हणाली आणि गाडीतून उतरली.

"काढलेलं चालतं का?"

केइगोने सरळ मनाने विचारलं होतं. तो शिझुओकाचा, चहाच्या मळ्यातला. लग्नाआधी त्याने बर्फ पाहिला असेल तो फ्रीजमध्ये. त्याला काय माहीत? पण तोमोए एचिगोची. तिकडे बर्फ पडत नाही, कोसळतो. तिचा बाप दर वर्षी पहिल्या बर्फाआधी असेच बांबू रोवायचा, आणि ती मागे चिंध्या धरून उभी असायची. बांबू म्हणजे काय ते तिला पुरतं माहीत होतं. रस्त्याच्या कडेने खोल पाट असतो, लोक त्यात बर्फ ढकलतात, पाणी तो वाहून नेतं. पाटावर दारासमोर फळी. एकदा बर्फ भरला की पाट कुठला, फळी कुठली, देवालाही कळत नाही. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना दोन बांबू.

"चालतं," ती म्हणाली. "मी बर्फातलीच आहे. मला शिकवू नकोस."

तिने दोन्ही बांबू उपटले, गाडीमागे भिरकावले. केइगोने फटाफट फोटो काढले. "वा! हा बघ, हा!" असं तो म्हणतोय तोवर मागून पिवळा दिवा फिरवत बर्फ काढायची गाडी आली. तिने असा भोंगा वाजवला की दोघं ट्रायपॉडसकट गाडीत घुसले आणि निघाले. मागे त्या गाडीने उडवलेला बर्फ बांबूंवर पडला असणार. तोमोएने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती अजून रागातच होती.

राग उतरला तो खिंडीतल्या सोबा-शेवयांच्या दुकानात. वाफाळते वाडगे समोर आले. केइगो एका हाताने खात, दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो सरकवत होता. "हा चिंध्यांचा. आणि हा बघ, स्वच्छ. काय दिसतोय!"

तोमोएने पाहिलं आणि तिच्या काड्या वाडग्यावरच थांबल्या.

घराच्या दारातून रस्त्यापर्यंत पावलांची एक ओळ होती. लहान पावलं, जवळजवळ पडलेली. प्रत्येक पावलाशेजारी एक बारीक भोक, काठीचं. म्हातारं माणूस. आणि ती ओळ बरोब्बर दोन बांबूंच्या मधून गेली होती. पुढच्या फोटोत बांबू नव्हते. पावलं होती. पण बाहेर आता कापूस पिंजल्यासारखा बर्फ पडत होता. म्हणजे एव्हाना पावलंही नसणार.

"खा ना, गार होतंय."

"परत जायचं."

"कुठे?"

"बांबू लावायला. फळीचे होते ते. खाली पाट आहे."

केइगोचा घास तोंडातच राहिला. "तू म्हणालीस चालतं!"

"म्हणाले."

"मग?"

"खोटं बोलले."

त्याने कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाला, "अगं, जे कोण आहे ते तिथेच राहतं. स्वतःच्या दारातली फळी माहीत नसेल?"

"बर्फात कुणाला काही माहीत नसतं! म्हणून तर लावतात, गाढवा!"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. केइगो मुकाट्याने उठला.

उतारावर गाडी गोगलगायीसारखी चालली होती. वायपर फिरत होते आणि काच पुन्हा पांढरी होत होती. तोमोए मनातल्या मनात सौदे करत बसली. ते म्हातारं माणूस आज बाहेरच पडलं नसेल. कोतात्सूच्या उबदार रजईत पाय घालून टीव्ही बघत असेल. एवढ्या बर्फात कोण बाहेर पडतं? मग तिलाच आठवायचं, एवढ्या बर्फातच तर पडतात, दारातला बर्फ सारायला. ती पुन्हा नव्याने सौदा सुरू करायची.

वळण संपलं आणि घरासमोर एक छोटा ट्रॅक्टर तिरका उभा दिसला.

रस्त्याच्या कडेला बर्फात भगदाड पडलं होतं. आत काळं पाणी खळखळत होतं आणि एक काठी आडवी अडकली होती. फळी त्याच्या हातभर पलीकडे होती. हातभरच चुकलं होतं.

दारातल्या पायरीवर एक म्हातारी रजईत गुंडाळून बसली होती. एक पाय उघडा, घोट्याशी जांभळा आणि मुळ्यासारखा सुजलेला. शेजारी उभा असलेला साठीचा माणूस फोनवर बोलत होता. "हो, योशिहारु, मीच, शेजारचा कान्जिरो. डॉक्टर निघालेत. नाही, वाचली. माझा ट्रॅक्टर आला म्हणून वाचली. बांबू? बांबूच लावले नव्हते रे."

"लावले होते," म्हातारी म्हणाली. मग थोडं थांबून, हळूच, "लावले होते ना रे, कान्जिरो? की ते गेल्या वर्षी?"

"लावले असते तर गेले कुठे, हात्सुएकाकू? त्यांना काय पाय फुटले?" कान्जिरो दाराशी आलेल्या या दोघांकडे वळला. माणूस रडवेला झाला होता. "हिचा मुलगा योशिहारु दर हिवाळ्यात म्हणतो, शहरात, सेन्दाईला चल. मीच त्याला सांगायचो, राहू दे, काकूचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ताजं आहे. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

केइगोने तोमोएची बाही ओढली. "पाय मुरगळलाय नुसता," तो पुटपुटला. "डॉक्टर येतायत. आपण थांबून मदत करू, बर्फ काढू. सांगायलाच हवं असं कुठंय?"

आणि खरं सांगायचं तर तोमोएला ते पटलं. एक क्षणभर अगदी मनापासून पटलं. तोंड बंद ठेवायचं, फावडं मारायचं, वाकून नमस्कार करून निघायचं. म्हातारी वर आभारच मानेल.

तेवढ्यात म्हातारीच म्हणाली, "रस्त्यात अडकलात का? या, चहा घ्या. जाताना जपा हं, तिथे फळी आहे. एक वेडी म्हातारी बांबू लावायला विसरलीय."

"आजी, तुम्ही विसरला नाहीत," तोमोएच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही लावले होते. मी उपटले."

फोनमध्ये मुलगा हॅलो हॅलो करत होता.

"का?" म्हातारीने विचारलं.

"फोटोसाठी."

एवढाच शब्द. गाडीत तो इतका मोठा वाटत होता, इथे त्या पायासमोर तो उवेएवढा झाला.

"राहू द्या हो ताई," कान्जिरो म्हणाला. "म्हातारीचं मन राखताय. भल्या दिसता."

हे 'भल्या' तोमोएला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. ती काही बोलायच्या आत केइगो गाडीकडे गेला, कॅमेरा घेऊन आला आणि कुणाकडे न बघता म्हातारीसमोर धरला. म्हातारीने नाक पडद्याला लावलं.

"ही माझ्या रजईची खोळ! मी फाडून बांधलीय! गाठ बघ, कान्जिरो, ही गाठ तुझ्या बापाला तरी येत होती का?" तिने त्याच्या हातातून फोन हिसकावला. "योशिहारु! ऐक! माझं डोकं शाबूत आहे! बोल गं पोरी, मोठ्याने बोल!"

"तुमच्या आईने बांबू लावले होते," तोमोए फोनमध्ये म्हणाली. "मी काढून टाकले."

"अजून मोठ्याने! त्याला ऐकू येऊन न आल्यासारखं करायची सवय आहे!"

तिने पुन्हा सांगितलं. ओरडून. डोंगराने ऐकावं असं.

पलीकडून दमलेला आवाज आला. "बरं. डोकं ठीक आहे. पण पाय? त्या पायाने ती छपरावरचा बर्फ काढणार? पाणी आणणार? उद्या सकाळी न्यायला येतो. सांगा तिला." आणि फोन बंद.

"काय म्हणाला?" म्हातारीचे डोळे चमकत होते.

"डोकं ठीक आहे म्हणाले."

"ते मला माहीतच आहे. पुढे?"

तोमोएने फोन कान्जिरोच्या हातात दिला.

"पुढे?"

"उद्या न्यायला येतायत. पायामुळे."

म्हातारीच्या डोळ्यांतली चमक कशी विझली ते तोमोएला दिसलं. तिला नजर वळवायची होती, पण तिने वळवली नाही.

"आजी, मी..." ती गुडघ्यावर बसली, कपाळ बर्फाला टेकवायला.

"उठ. माफी नकोय मला. घेऊन ठेवू कुठे? सामान आधीच जास्त होणार." म्हातारीने नाक पुसलं. "मागच्या खोलीत मुळ्याच्या लोणच्याचं पिंप आहे. वर दाबायला दगड आहे. या पायाने माझ्याच्याने उचलवत नाही. उचल तो आणि मुळे काढ. सगळे. इथे ठेवून सडवू काय?"

मागची खोली बाहेरच्यापेक्षा गार होती. दगड असा की तोमोएच्या पाठीची कळ डोक्यात गेली. तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातले. लोणच्यातला तांदळाचा कोंडा आणि मिठाचं पाणी नखांत शिरून झोंबत होतं. एकेक मुळा काढून ती डब्यात रचत होती.

पलीकडे चहा झाला. म्हातारीने बसल्या बसल्याच एक मुळा चिरला आणि बशी पुढे केली. कान्जिरोने फोड घेतली. केइगोने मान खाली घालून घेतली. मग दारात डबा घेऊन उभ्या राहिलेल्या तोमोएपुढून बशी म्हातारीने सरळ आपल्याकडे ओढली आणि स्वतः एक फोड कचकन चावली.

"अजून तळाशी आहेत," ती म्हणाली.

तोमोए परत आत गेली.