शेवटच्या बाकापर्यंत

"मिशी लावतोस का, बोल," भोंगा म्हणाला. तो सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून पडला होता आणि त्याच्या गळ्यावर सलूनवाल्याचा वस्तरा होता.

"नरड्यावर धार आहे, भोंग्या. हलू नकोस."

"उद्या सर्जन याहून मोठी धार लावणार आहे. तुझ्या वस्तऱ्याला कोण विचारतो? मिशीचं बोल."

बाकड्यावर शेजारच्या दुकानातली शिंपीणमावशी बसली होती. पुरुषांच्या सलूनमध्ये तुमचं काय काम, असं तिला विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. "कशाची पैज लागलीय?" तिने विचारलं.

"हा म्हणतो, मी परत चर्चमध्ये उभा राहून बायबलमधला पाठ वाचणार, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा," सलूनवाला म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, घशात गाठ आहे, आवाजाची पेटीच काढून टाकणार. मग हा वाचणार कशाने, कोपराने?"

"कशाने का वाचेना. वाचला तर तुझी मिशी गेली. नाही वाचला तर?" मावशीने विचारलं.

"तर वर्षभर याच्या दुकानातले केस मी झाडीन," भोंगा म्हणाला. "आणि झाडताना तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"ते तर तुला जमणारच आहे," सलूनवाला बोलून गेला. आणि तिघेही असे हसत सुटले की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. हसून झाल्यावर सलूनवाल्याने मिशीच्या टोकाला पीळ दिला. ती मिशी म्हणजे त्याच्या दुकानाची जाहिरात होती. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून आत यायचं. "लावली," तो म्हणाला. "पण शेवटच्या बाकावर मी बसणार. मला ऐकू आलं तरच."

भोंगा बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचा. माइक बंद पडला तरी त्याचं काही अडत नसे. उलट माइक बिचारा मध्ये मध्ये येतो, असं ड्रायव्हर म्हणत. आणि रविवारी तोच आवाज चर्चमध्ये पाठ वाचायचा. एकदा तर तो वाचपीठावर उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "सर्व प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." मंडळी महिनाभर हसली. खरं सांगायचं तर तो त्या आवाजासाठीच चर्चला जात होता. आपला पाठ झाला की खाली येऊन बसायचा आणि प्रवचनभर खुशाल डुलक्या घ्यायचा. देवाशी त्याचं भांडण नव्हतं आणि ओळखही नव्हती.

भांडण ऑपरेशननंतर सुरू झालं.

गळ्याला खाली एक भोक राहिलं, तेवढ्यातून श्वास चालायचा. तोंड नुसतं जेवायला उरलं. बोलायचं ते पाटीवर. पहिल्या आठवड्यात भेटायला एका प्रार्थनामंडळाचे दोन भाऊ आले, बाटलीत तेल घेऊन. त्यांनी डोक्यावर तेल चोळलं, मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि जाता जाता म्हणाले, "तुमचा विश्वास कमी पडला, म्हणून हे आलं." भोंग्याने पाटी ओढली आणि लिहिलं, 'दार तिकडे आहे.' बायको त्यांना सोडायला गेली नाही, हे त्याला फार आवडलं.

मग पाळक आले. चर्चला नवीनच लागलेला तरुण माणूस. त्यांच्यापुढे भोंग्याने पाटी धरली. 'त्याला विचारा, माझा आवाज नेऊन काय केलं. लोणचं घातलं?'

पाळकांनी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. "विचारलं होतं मी," ते म्हणाले. "अजून उत्तर नाही आलं. आपण दोघं मिळून विचारत राहू."

भोंग्याने पाटी पुसून टाकली. पण आपल्या उशाशी बसून एक माणूस देवाला जाब विचारतोय, ही गोष्ट त्याच्या मनात ठाण मांडून बसली.

बोलणं शिकवायला हॉस्पिटलात एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "हवा गिळायची आणि ढेकर द्यायचा. त्या ढेकराचे शब्द करायचे." भोंग्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. थट्टा नव्हती. पेटी गेलेली माणसं अशीच बोलतात. सुरुवात काका, पापा, टाटा अशा शब्दांपासून. नातवंडं असायच्या वयाचा माणूस आरशासमोर उभा राहून काका, पापा करू लागला.

"अहो, बोलताय की भाजी आवडली?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"का... का," भोंगा म्हणायचा.

"बरं, वाढते अजून."

एके दिवशी शिकवणी संपवून तो निघाला होता, तेवढ्यात सिस्टरने त्याला दारातच गाठलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक ट्रकवाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पेटी काढायची होती आणि तो पिशवी भरून घरी निघाला होता. "मुका होऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणतोय," सिस्टर म्हणाली. "आम्ही सगळे थकलो. तुम्ही नुसतं दिसा तरी त्याला."

भोंगा खाटेशी जाऊन उभा राहिला. ट्रकवाल्याने त्याच्या गळ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "बघितलं ना सिस्टर? हे असं करून ठेवणार माझं."

भोंग्याने हवा गिळली. "का... का," तो म्हणाला.

ट्रकवाला वळला. "कोण बोललं?"

"पा... पा."

ट्रकवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि एकदम फसकन हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडू लागला, मोठ्या माणसाला शोभत नाही असा. त्याच्या हातातली पिशवी गळून पडली. भोंग्याने खूप हवा गिळली. कधी न केलेले शब्द त्याने पोटातून वर ओढले. "भिऊ... नको."

हे शब्द त्याने चर्चमध्ये कितीदा वाचले होते. तेव्हा त्याच्या आवाजाने डुलक्या घेणारे दचकून जागे व्हायचे. पण कुणाची भीती गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. आज दोन ढेकरांनी एक माणूस खाटेवर परत बसला होता.

त्या दिवशी तो घरापर्यंत चालत आला आणि आल्या आल्या त्याने पाळकांना चिठ्ठी लिहिली, 'आवाज कुणी नेला, माहीत नाही. ढेकर त्याने दिला. ड्युटी लागली माझी.'

तेव्हापासून बस स्टँडवर जावं तसा तो त्या वॉर्डात जायला लागला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस घाबरला की सिस्टर म्हणायची, थांबा, भोंगा येतोय. घरी तो प्रार्थना करायचा तीही ढेकराने आणि बरीचशी भांडून. "मी... सोडणार... नाही," असं तो वर बघून म्हणायचा. बायको म्हणायची, "त्यालाही आता सवय झाली असेल."

मग मानेत एक नवीन गाठ आली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून किरणांचा शेक. शेक दिल्यावर गळा सुजेल, ढेकराचा आवाजही कदाचित राहणार नाही. भोंगा हॉस्पिटलातून तडक पाळकांकडे गेला. "या... रविवारी," तो म्हणाला.

पाळकांच्या खोलीत मास्तरीणबाई बसल्या होत्या. निम्म्या मंडळीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्यांना चर्चमध्ये कसं बसायचं ते. "माझं वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी मी रोज गुडघे टेकते. पण देवाच्या घरात, वाचपीठावरून, ढेकर? लहान मुलं असतात समोर."

भोंग्याने पाटी घेतली नाही. त्याने हवा गिळली आणि एकेक शब्द काढला. "क्रुसावर... येशूचा... घसा... कोरडा. पाणी... मागितलं." पुन्हा हवा. "आवाज... गोड... नसणार. तरी... बोलला."

मास्तरीणबाईंनी पदर सारखा केला. "मी पुढच्या बाकावर बसेन," त्या शेवटी म्हणाल्या. "मागची गॅरंटी माझी नाही."

रविवारी चर्च भरलं. शिंपीणमावशी येऊन बसली, वॉर्डातली सिस्टर आली. गळ्याला फडकं बांधलेला ट्रकवाला आला. शेवटच्या बाकावर, आजवर चर्चची पायरी न चढलेला सलूनवाला बसला होता. त्याने मिशीला तेल लावलं होतं.

भोंगा वाचपीठावर चढला, हवा गिळली आणि पहिला शब्द काढला. मुलं खिदळली. त्याने थांबून त्यांना हसू दिलं, जसा तो पूर्वी गाडीचा हॉर्न संपेपर्यंत थांबायचा. "हसा," तो म्हणाला. "मीही... हसलो." मग पुढे निघाला. दोन शब्द, हवा, दोन शब्द. पूर्वी जो पाठ तो एका दमात मारायचा, त्यातला प्रत्येक शब्द आता त्याला हाताने दगड उचलावा तसा उचलायला लागत होता, आणि उचलताना तो काय आहे हे बघावं लागत होतं.

अर्ध्यावर हवा अडकली. त्याने गिळली, वर आलीच नाही. पुन्हा गिळली. त्याने पाणी प्यायलं, छातीवर मूठ आपटली. समोर मास्तरीणबाईंचे ओठ हलत होते. मागे शेवटच्या बाकाशी सलूनवाला उभाच राहिला होता, कानामागे हात धरून, मान पुढे काढून, बाकाची कड घट्ट पकडून. स्वतःची मिशी जावी म्हणून इतका जीव टांगणीला लागलेला माणूस भोंग्याने कधी पाहिला नव्हता.

वर बघून तो मनात म्हणाला, मी सोडणार नाही, तूही सोडू नकोस.

मग पोटातून असा ढेकर आला की खिडकीवरचं कबुतर उडालं. त्यावर भोंग्याने उरलेली ओळ चढवली, मग पुढची, आणि शेवटचा शब्द बसच्या दाराला थाप मारावी तसा ठणकावून टाकला.

"आलं ऐकू," शेवटच्या बाकावरून सलूनवाला म्हणाला. मास्तरीणबाईंनी त्याला गप्प केलं नाही.

उपासना सुटल्यावर अंगणात गर्दी जमली. सलूनवाल्याने आपली खुर्ची कालच आणून भिंतीआड ठेवली होती. ती बघून शिंपीणमावशी म्हणाली, "म्हणजे तू हरायची तयारी करूनच आलास?"

"खुर्ची आहे मावशी, उन्हात ठेवली होती," तो म्हणाला आणि बसला.

वस्तरा भोंग्याच्या हातात दिला गेला. त्याने साबण फासला आणि एका बाजूने सुरुवात केली. "नीट कर," सलूनवाला पुटपुटला, "माझ्या नाकाला काही झालं तर तुला गिऱ्हाईक म्हणून काढून टाकीन." लोक हसत होते. ट्रकवाला सगळ्यांत जास्त हसत होता, आवाजाविना. दुसरी बाजूही गेली. मिशीखालचा ओठ पांढराफटक निघाला, लहान मुलाचा असावा तसा.

"जाऊ दे," सलूनवाला ओठ चाचपत म्हणाला. "मिशी काय, महिन्याभरात परत ये..."

तो तिथेच अडखळला. भोंग्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. साबण पुसायचा राहिला होता आणि टॉवेल कुणीच आणला नव्हता. त्याने आपल्या गळ्याचा रुमाल सोडला, सगळ्यांसमोर, भर उन्हात, आणि सलूनवाल्याच्या तोंडावर वाकून हळूहळू ओठ पुसू लागला. रुमालामागचं भोक उघडं पडलं होतं. त्यातून निघणारा ऊन श्वास सलूनवाल्याच्या ओल्या ओठाला लागत होता. सलूनवाला हलला नाही.