पालकांचा रकाना

तक्त्यातलं आणखी एक घर भरलं की मेधाची नोकरी पक्की होणार होती. देवासच्या त्या शाळेत सहा वर्षं ती तात्पुरती म्हणून राबत होती, आणि प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं, "ज्या क्लासचा ऑनलाइन तक्ता सौ टक्का, त्या मॅडमचं नाव वर पाठवू." सहावीत अडतीस मुलं. एका रकान्यात मुलाने आज काय शिकलो ते लिहायचं, शेजारच्या रकान्यात पालकाने रोज दोन शब्द. सदतीस घरं 'गुड' टाकून मोकळी होत. गाडं अडत होतं ऋतिकापाशी.

तिथे कोणी लिहीत नव्हतं असं नाही. ऋतिकाचे आईवडील वर्षभरापासून वेगळे. मुलगी आईजवळ देवासला, वडील रणवीर पीथमपुरच्या कारखान्यात. प्रवेशाच्या फॉर्मवरून मेधाने त्यांचाही ईमेल जोडला होता. ते पहाटे शिफ्टच्या बसमधून लिहीत. मुलीने नर्मदा पश्चिमेला वाहते असं लिहिलं की खाली यायचं, "वाचलं ऋतूबाई. धामनोदच्या पुढे पूल आहे, तिथून दाखवीन तुला उलटी नदी."

मेधा चहाबरोबर त्या ओळी वाचत असे. तिला सकाळी एवढं लांबलचक लिहिणारं कोणी नव्हतं. घास दुसऱ्याच्या ताटातला, पण गोड लागायचा. सव्वासातला मात्र ओळ गायब. कोणी काय बदललं त्या तक्त्याच्या इतिहासात पुसणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसे: माधवी. ऋतिकाची आई.

"काय बाई आहे!" मेधा चिडली. चीड खरी होती, आणि सौ टक्क्याचा मोह त्या चिडीच्या मागेच उभा होता. शनिवारी प्राचार्य तक्ता मोजणार होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने पुसलेल्या तेवीसच्या तेवीस ओळी परत आणल्या.

शनिवारी माधवी तडक शाळेत. "मॅडम, हे कधीपासून चाललंय? ह्यांचं नाव तुमच्या तक्त्यात आहे हे मला आज कळतंय!"

"पण रोज पुसत तर तुम्हीच होतात ना?"

"मी? मी शनिवारी आठवड्याची सही टाकण्यापुरतं सोडलं तर ते उघडतसुद्धा नाही. सकाळी मोबाइल ऋतूकडे असतो."

बोलता बोलता दोघींनाही कळलं. पण तोवर प्राचार्य आले होते. "देखो मॅडम, घरचा झगडा शाळेत नको. एका मुलाचा एकच पालक. काढा ते नाव."

मेधाने काढलं. एका बोटाचं काम.

सोमवारी ऋतिका वही घेऊन टेबलाशी उभी राहिली. "मॅम, मी वाचून पुसायची. आईला दिसलं तर बंद होईल ना, इसलिए." मग हळूच, "पाठ झाल्यावरच पुसायची."

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही मॅम. आपको थोडी मालूम था."

दोन दिवसांनी रणवीरचा ईमेल आला. 'मॅडम, तक्ता उघडत नाही. बसमध्ये नेटवर्क नसेल. उद्या बघतो.' मेधाने अजून उत्तर दिलेलं नाही.

माधवी आता रोज संध्याकाळी न चुकता 'गुड' लिहिते. वर्गाला सौ टक्के मिळाले, मेधाला पक्क्या नोकरीचं पत्र. सकाळी सात दहाला मेधा चहा घेऊन तक्ता उघडते, तेव्हा तक्ता कोणी उघडलाय ते दाखवणारी, माधवीच्या नावाची हिरवी चौकट ऋतिकाच्या ओळीत, पालकांच्या रकान्यावर येऊन थांबलेली असते. पाच मिनिटं ती हलत नाही. सव्वासात झाले की निघून जाते. पुसायला काही नसतं.