मुका खो

नीळकंठरावांच्या नावावरून कारखान्याच्या टाउनशिपने उभा जन्म थट्टा केली. ती खरी व्हायला मात्र म्हातारपण उजाडावं लागलं. नावातच कंठ, आणि दगा दिला तोही कंठानेच! कारखान्याच्या मैदानावर खो-खोच्या मुलांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. शिकवण्यात म्हणजे ओरडण्यात. ते मैदानावरून "ऊठ की गाढवा" म्हणाले की समोरच्या क्वार्टरमध्ये पेपर वाचत बसलेला भलताच कुणी उठून उभा राहायचा.

त्या गळ्यात आता गाठ निघाली होती, आणि तपासणीत ती वाईट निघाली. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळातल्या हिंदी डॉक्टरांनी मागच्या खेपेला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आवाज़ जाएगी, जान बच जाएगी." ऑपरेशन करायचं की नाही, ते आज कळवायचं होतं. नीळकंठरावांचं उत्तर ठरलेलं होतं. नाही.

शार्दूल, त्यांचा मुलगा, पुण्याहून फोनवर रडकुंडीला आला, पण हे ढिम्म. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात कान धरणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी त्यांना समजवायची गळ शार्दूलने निर्मलाबाईंना घातली. या बाई कारखान्याच्या महिला संघाच्या कोच. मैदान आधी कुणाला, रेघा आखायची फक्की कुणी संपवली, खांब कुणी हलवला, यावरून दोघांची रोज संध्याकाळी जुंपायची आणि लोक चहाचे कप घेऊन ऐकायला यायचे. अशी बाई आज अयोध्या नगरातल्या घरापासून रिक्षात शेजारी बसून कोथिंबिरीच्या भावावर बोलत राहिली. ऑपरेशनचं नाव नाही. तेच नीळकंठरावांना जास्त झोंबलं.

इस्पितळात पाठीला पाठ लावून खुर्च्या मांडल्या होत्या. एका रांगेचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि सगळे आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले. खो-खोच्या कोचाला ते बघून दुसरं काय आठवणार? त्यांना मैदान आठवलं, आणि मैदानाबरोबर विश्वनाथ.

विश्वनाथ त्यांचा सहायक, गेल्या होळीला गेला. जन्माचा तोतरा. मुलांना शिकवायचा तो टाळ्या वाजवून आणि हातवारे करून. दोन टाळ्या वाजल्या की पोरं खांबाकडे वळायची. नीळकंठराव हसायचे, म्हणायचे, भजनी मंडळ काढ. पण त्याची पोरं जिंकायची, हेही खरं. यांची मुलं ऐकायची, विश्वनाथची मुलं बघायची, एवढाच काय तो फरक.

एकदा कर्मचाऱ्यांच्या सामन्यात विश्वनाथने पुढच्या गड्याच्या पाठीला हात लावला आणि खो हा शब्द तोंडातच अडकला. ख... ख... करत राहिला. तोवर गडी उठून पळालासुद्धा. पंच होते नीळकंठराव. त्यांनी शिट्टी फुंकली. निर्मलाबाई पदर खोचून मैदानात आल्या. हात लागला ना पाठीला, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं. नियमात शब्द आहे, मुका खो म्हणजे फाउल, असं यांचं. शेवटी विश्वनाथच हसत मध्ये पडला आणि अडखळत म्हणाला की सरांचं बरोबर आहे. बाई मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत.

"बाई, मी नाही म्हणणार आहे," नीळकंठराव आता म्हणाले. आवाज चिरका, भांडं घासल्यासारखा. "ज्याला ओरडता येत नाही तो कोच कसला?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मग आपला विश्वनाथ कोण होता?" त्या म्हणाल्या.

मरणाचं नीळकंठरावांना फारसं काही वाटत नव्हतं. बोलता न येणारा म्हातारा म्हणून लोक कीव करतील, पोरं लहान मुलाशी बोलावं तसं हळूहळू बोलतील, ते नको होतं. विश्वनाथ तसंच सगळं सोसून रोज वेळेवर मैदानावर हजर असायचा. त्याच्या अंगात काय होतं, ते यांना आज कळत होतं.

"भीती वाटते हो," ते शेवटी म्हणाले.

तेवढ्यात दार उघडलं आणि नर्सने हाक मारली, "नीलकंठ जी, अंदर आइए." ते बसूनच राहिले. तिने पुन्हा हाक मारली.

पाठीवर हात पडला. निर्मलाबाईंचा पंजा, सपाट आणि घट्ट, नियमात सांगितलाय तसा. नीळकंठरावांनी सवयीने अंग सावरलं आणि शब्दाची वाट बघितली. बाईंनी तोंड उघडलं. साहेब लोकांना भर मीटिंगमध्ये गप्प करणारी बाई ती. पण ओठ हलले, डोळे वाहायला लागले, आणि शब्द काही फुटला नाही. हात तेवढा पाठीवर तसाच राहिला.

"फाउल आहे, बाई," नीळकंठराव त्या चिरक्या आवाजात म्हणाले. मग उठले, आणि हो म्हणायला आत गेले.