मुहूर्ताची दुरुस्ती

पाच फंड होते, दोन नियम, एक प्रोग्राम आणि एक मोबाइल. फंड म्हणजे बाजारात शेअरसारखे घेता-विकता येणारे ईटीएफ: एक मोठ्या कंपन्यांचा, एक मधल्या कंपन्यांचा, एक अमेरिकेतल्या शेअरांचा, एक सोन्याचा आणि पाचवा लिक्विड, जो जवळपास हलतच नाही. नियम आणि प्रोग्राम मेघाचे. मोबाइल रत्नप्रभा आत्याचा, आणि तो भोपाळमधल्या इंद्रपुरीच्या त्यांच्या घरात बहुतेक वेळा देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत, चष्म्याच्या डबीखाली असायचा.

मेघा भौतिकशास्त्रात एमएस्सी होऊन एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. पैशांत तिला फारसा रस नव्हता. तिला उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची: माणसाने मन मध्ये न आणता नुसते नियम पाळले, तर काय होतं? पहिला नियम असा, की महिन्याच्या शेवटच्या दिवशी गेल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त चढलेले दोन फंड ठेवायचे, बाकीचे विकायचे. दुसरा असा, की ठेवलेला एखादा फंड मर्यादेपेक्षा जास्त वरखाली हेलकावू लागला, तर त्यातला अर्धा काढून लिक्विडमध्ये सुरक्षित ठेवायचा. बाकी बातम्या, अंदाज, शेजाऱ्यांचे सल्ले, सगळं बाहेर.

पैसे आत्याचे होते, ग्रॅच्युइटीतले. आत्याने ते एका वर्षासाठी दिले होते, आणि अट मेघानेच घातली होती: मध्ये कोणीही हात लावायचा नाही. एकदा हात लागला, की प्रयोग तिथेच संपला, पैसे परत बँकेच्या एफडीत. वर्ष सुरळीत पार पडलं तर पुढची पाच वर्षं. मेघाला ती पाच वर्षं हवी होती. एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता अडचण एवढीच, की प्रोग्राम कितीही आपोआप चालला तरी खातं आत्याचं होतं. काही विकायचं झालं की ओटीपी आत्याच्या मोबाइलवर यायचा. कायमची परवानगी देणाऱ्या कागदावर एकदा सही केली की ही कटकट संपत होती, पण आत्याने ती केली नव्हती. तिची सगळी नोकरी मध्य प्रदेशच्या सचिवालयात गेली. राजधानी हलली तेव्हा नागपूरहून तिचे वडील सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले, आणि तीही त्याच दफ्तरात लागून अनुभाग अधिकारी म्हणून निवृत्त झाली. पुढे होणाऱ्या कामाची सही आज करायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. त्यामुळे दर महिन्याच्या शेवटी दुपारी तीन वाजता मेघाचा प्रोग्राम हिशेब करून थांबायचा, आणि आत्या चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवायची. दहा महिने हे असंच चाललं होतं.

अकराव्या महिन्यात एप्रिलचा शेवटचा दिवस अक्षय तृतीयेला आला.

भोपाळात सुट्टी होती, मुंबईचा बाजार मात्र चालू होता. सकाळी आत्याने नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून तिची पूजा केली, पितरांना नैवेद्य दाखवला. चिंचवणी झाली, आमरस झाला. कारखान्यातली पहिली पाळी संपवून मेघाचे बाबा, मिलिंद, घरी आले आणि ताटावर बसले. तीनला प्रोग्राम थांबला. पडद्यावर एकच ओळ होती: सोनं मर्यादेपेक्षा जास्त हेलकावतंय, अर्धं विका.

आत्याने मोबाइल घेतला, ओळ वाचली, आणि मोबाइल परत डबीखाली ठेवला.

“आज नाही,” ती म्हणाली.

मेघाने समजावून सांगितलं, की हे काही अंगावरचं सोनं नव्हे, नुसता आकडा आहे. आत्याचं म्हणणं, आकडा तर आकडा, पण त्याच्यावर नाव सोन्याचं आहे ना? आज लोक रांगा लावून गुंजभर तरी घरी आणतात, आणि आपण असलेलं घालवायचं? उद्या विक. मेघा म्हणाली, उद्या महाराष्ट्र दिन, बाजार बंद. मग परवा विक, आत्या म्हणाली, एका दिवसाने काय आकाश कोसळतं का.

आकाश कोसळत नव्हतं, पण प्रयोग संपत होता. बाबा आमरसाची वाटी पुसत म्हणाले, “ताई, चालू मशीनमध्ये हात घालू नये. आमच्याकडे बोटं जातात.”

“तू जेव,” आत्या म्हणाली. मग मेघाकडे वळून तिने विचारलं, “काहून गं, बाजार बंद असला की तुझा प्रोग्राम काय करतो?”

“पुढच्या चालू दिवशी करतो. सुट्ट्यांची यादी घातलीय त्यात.”

“यादी कोणाची?”

“बाजाराची. मुंबईची.”

“म्हणजे दसऱ्याला विकत नाहीस. दिवाळीच्या पाडव्याला विकत नाहीस. मुंबईवाल्यांचे मुहूर्त पाळतेस, आणि ज्या घरात बसून हे सगळं करतेस त्या घरचा एक नाही.”

मेघाने सुट्ट्यांची यादी पडद्यावर उघडली. टोमणा होता, पण त्यात मुद्दाही होता, आणि मुद्दा बरोबर असला की तिला राग धरून ठेवता येत नसे. सुट्ट्यांची यादी हासुद्धा एक नियमच होता. तिने तो कधी तपासला नव्हता, तयार मिळाला म्हणून तसाच घेतला होता. नियम ठरवताना ज्यांचे पैसे त्यांना एकदा विचारायला हवं होतं, की तुम्ही कोणत्या दिवशी विकणार नाही. ती चूक तिची होती.

घड्याळात सव्वातीन होऊन गेले होते. साडेतीनला बाजार बंद.

“आत्या,” ती सावकाश म्हणाली, “तुमच्या दफ्तरात नियमात दुरुस्ती झाली, तर ती कधीपासून लागू?”

“आदेश निघाल्याच्या तारखेपासून.”

“आणि टेबलावर आधीच आलेल्या प्रकरणाला?”

याचं उत्तर आत्याला पाठ होतं. चौतीस वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती. मंत्र्यांच्या ओळखीने आलेल्यांनाही तिने सांगितलं होतं, की प्रलंबित प्रकरण जुन्या नियमानेच निघेल. बाबा वाटीत बघून हसत होते, पण आवाज येणार नाही एवढी काळजी घेऊन.

“मोठी वकिलीण झालीस,” आत्या म्हणाली. तिने डबी बाजूला सारली, चष्मा लावला आणि सहा आकडे वाचले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, पितरांनाही ऐकू जावेत असे. अर्धं सोनं विकलं गेलं. मेघाने खुर्चीत पाठ टेकली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ उभ्याच होतो.

आत्या मात्र उठली. आतून पर्स आणली, पायात चपला घातल्या आणि मिलिंदला स्कूटर काढायला सांगितली. अशोका गार्डनमधल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन तिने पेन्शनमधून अर्ध्या ग्रॅमचं नाणं घेतलं. परत आल्यावर ते देव्हाऱ्यात घागरीशेजारी ठेवलं. आता हिशेब जुळला, ती म्हणाली. मेघाने तोंडातल्या तोंडात सांगितलं, की हिशेब अजिबात जुळलेला नाही, पण घरात सगळ्यांचाच मूड चांगला होता, म्हणून ती पुढे बोलली नाही.

“दुरुस्तीची नोटशीट टाक,” संध्याकाळी चहा घेताना आत्या म्हणाली. “रीतसर. मी सही करीन, नाहीतर शेरा मारून परत करीन.”

रीतसर म्हणजे काय, यावर दोघींची बरीच घासाघीस झाली. मेघाची अट, की यादी आधी ठरेल आणि निकाल नंतर बघितला जाईल. निकाल बघून दिवस घालायचे-काढायचे नाहीत. आत्याने साडेतीन मुहूर्त सांगितले, धनत्रयोदशी सांगितली, गुरुपुष्य सांगितला. या दिवशी सोनं विकायची वेळ आली तर विक्री पुढच्या चालू दिवसावर जाईल. खरेदीला बंदी नाही. बाबांनी आपला वाढदिवसही घालायला सुचवलं. त्या दिवशी या घरात कधी सोनं आल्याचं आठवत नाही, असं आत्याने ऐकवलं, आणि यादी तिथेच बंद झाली.

मर्यादाही आधीच ठरली. या दुरुस्तीने वर्षाला पाव टक्क्याहून जास्त तोटा होत असेल, तर दुरुस्ती नामंजूर. आत्याने हे मान्य करायला वेळ घेतला. चहाचा दुसरा कप संपल्यावर ती म्हणाली, ठीक आहे, लिही तसं.

शनिवारी मेघा जुनी पंचांगं घेऊन बसली. सोळा वर्षांचे भाव तिच्याकडे होतेच. तारखा आत्या पंचांगातून वाचत गेली, मेघा टंकत गेली. गुरुपुष्याच्या तारखा काढताना आत्याने दोनदा तिची चूक पकडली, मेघाने एकदा आत्याची. मग प्रोग्रामच्या दोन प्रती तिने शेजारी शेजारी चालवल्या, एक जुन्या यादीची, एक नव्या. बाकी सगळं सारखं. पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात बाबा कैऱ्या चिरत होते, आणि आत्या पेनाचं टोपण काढून तयार बसली होती.

नोटशीटवर मेघाने लिहिलं: एकूण महिनाअखेरी १९२. त्यांपैकी यादीतल्या दिवशी आलेल्या ११. त्यांत सोनं विकायचा आदेश असलेल्या ४. ठरलेली मर्यादा, वर्षाला ०.२५ टक्के. मोजलेला तोटा, वर्षाला ०.०३ टक्के.